हार्बर लाइनचा रूट बांधतेय: सँडहर्स्ट रोडच्या चढावर अडले आहे, जाणकारांनी मदत करावी

कॉटनग्रीनची

नमस्कार मंडळी.

ओपन रेल्स या कॉम्प्युटरवर गाडी चालवायच्या सिम्युलेटरसाठी हार्बर लाइनचा रूट बांधायला घेतला आहे, सीएसएमटी ते वाशी. पनवेलपर्यंत जायचा मोह तूर्तास आवरला आहे. सिम्युलेटरवर मुंबईचं काही शोधायला गेलं की घाट सापडतो, मेन लाइन सापडते, लांब पल्ल्याच्या गाड्या सापडतात. मनासारखी हार्बर मला कुठे मिळाली नाही, आणि मला तीच हवी आहे. माझं लहानपण रे रोड आणि कॉटन ग्रीनच्या मधल्या पोर्ट ट्रस्टच्या क्वार्टर्समध्ये गेलं. आमच्या गॅलरीतून नऊ डब्यांची गाडी अख्खी दिसायची, मोटरमनपासून गार्डपर्यंत. गोदामांच्या लांबच लांब भिंती, त्यांवरचे पत्रे, मधेच बंद पडलेली एखादी साइडिंग आणि तिच्या रुळांत उगवलेली रुई. आता तिथलं बरंच काही पाडलं जातंय. म्हणून ते मापात बांधून ठेवायचं आहे, नुसतं मुंबईसारखं दिसणारं काहीतरी नको.

मी सिव्हिल ड्राफ्टिंगचं काम करते, त्यामुळे नकाशे, लेव्हल, उतार यांची भीती नाही. रूट बांधायचा टीएसआरई एडिटर हाताळायला जमतोय. ओपनस्ट्रीटमॅपचा थर खाली लावून सीएसएमटीच्या एक आणि दोन नंबर फलाटांपासून मस्जिदपर्यंत रूळ टाकले आहेत. इथून पुढे मात्र गाडी अडली.

पहिली अडचण जमिनीची. एसआरटीएमची, म्हणजे अवकाशातून मोजलेली, जमिनीची उंची भरली तर मस्जिद-भायखळा भागात जमीन उकिरड्यासारखी उंचसखल झाली आहे. मशीद बंदर तर सपाट आहे! रूळ कुठे सहा मीटर खाली गाडले जातात, कुठे हवेत लटकतात.

दुसरी अडचण सँडहर्स्ट रोडची. तिथे हार्बरचं स्टेशन वर आणि मेन लाइनचं खाली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वरचे रूळ नेमके किती उंचीवर आहेत आणि चढ कुठे सुरू होतो, हे मला कुठल्याही उघड्या नकाशात सापडत नाही. अंदाजाने चढ दिला तर गाडी चढते, पण बघताना ते खोटं वाटतं.

तिसरं म्हणजे रुळांच्या दोन्ही बाजूंना किती बांधायचं? गोवंडी-मानखुर्दला रुळाला खेटून घरं आहेत. प्रत्येक घर वेगळं ठेवून पाहिलं तर फ्रेम रेट पार कोसळला, चित्र अडखळायला लागलं.

कुणी मुंबईतलाच रूट बांधला असेल तर कृपया सविस्तर लिहा. लांबलचक उत्तर आलं तरी शब्द न् शब्द वाचेन.

सांधेवाला

तुमचा धागा वाचून फार आनंद झाला. हार्बर कुणीतरी मनावर घ्यायलाच हवी होती. मी ठाणे-कल्याण पट्ट्यावर बरीच वर्षं काम करतोय, त्यावरून सांगतो.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण त्यांच्या आधीचा एक राहिला: साल कोणतं? ते ठरल्याशिवाय एकही इमारत ठेवू नका. तुमच्या आठवणीतली गाडी नऊ डब्यांची आहे ना? मग २०१६ नंतरचं काही घेता येणार नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत सीएसटीला ७२ तासांचा ब्लॉक घेऊन हार्बरचे फलाट लांबवले, एप्रिलमध्ये १५०० व्होल्ट डीसी जाऊन २५,००० व्होल्ट एसी आला आणि मग बारा डबे धावू लागले. अजून मागे जा. फेब्रुवारी २०१४ मध्ये वडाळा-चेंबूर मोनोरेल, जून २०१३ मध्ये ईस्टर्न फ्रीवे. दोन्हींचे खांब त्याआधी काही वर्षं अर्धवट उभे होते. हे सगळं टाळायचं तर २००५ धरा. फ्रीवेचा तो लांबलचक पूल बांधायचा त्रास वाचेल आणि पूर्वेची गोदामं मोकळी दिसतील, जी तुम्हाला हवीच आहेत. साल ठरलं की पाट्याही ठरतात. १९९६ ते २०१७ या काळात स्टेशन 'छत्रपती शिवाजी टर्मिनस' होतं, 'महाराज' नंतर आलं. फलाटांची उंचीही ठरते. आज दिसणारे ९०० मिलिमीटरच्या आसपासचे फलाट २०१४ नंतर उंचावलेले आहेत. त्याआधीचे ७६० ते ८४० मिलिमीटरमध्ये बसतात.

आता जमीन. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेली मोजणी. रडारला जमीन आणि गच्ची यांतला फरक कळत नाही. तुमच्या मस्जिदच्या टेकड्या म्हणजे तिथल्या चार-पाच मजली चाळींची छपरं आहेत. शिवाय एडिटरमधल्या जमिनीचे बिंदू ८ मीटरवर असतात आणि एसआरटीएमचे साधारण ३० मीटरवर, त्यामुळे एका इमारतीचा उंचवटा आजूबाजूच्या गल्ल्यांतही पसरतो. दक्षिण मुंबईत ही उंची सरळ टाकून द्या. सीएसटी ते वडाळा जमीन सपाट करून घ्या आणि भरावाच्या जागी रुळाप्रमाणे जमीन उचला. फक्त माझगावची टेकडी हाताने घडवा, ती डॉकयार्ड रोडच्या पाठीशी दिसायलाच हवी. अजून एक. १९ अंश अक्षांश शिवडीच्या आसपास आणि ७३ अंश रेखांश वाशी स्टेशनाच्या अगदी जवळून जातं. उंचीच्या फाइली एकेका अंशाच्या असतात. शिवडीला दोन फाइलींचा सांधा येईल आणि तिथे जमिनीत पायरी पडलेली दिसली तर घाबरू नका, हाताने पुसून टाका. वाशीच्या पुढे सानपाड्याकडे थोडी जमीन हवी असेल तर पूर्वेची फाइलही आत्ताच घेऊन ठेवा.

सँडहर्स्ट रोडचं कोडं लेव्हलने सुटत नसेल तर कारणाने सोडवा. सीएसटीला फलाटांचे आकडे पश्चिमेकडून सुरू होतात, म्हणजे हार्बरचे एक-दोन सगळ्यात पश्चिमेला. आणि हार्बरला जायचंय पूर्वेला, गोदीकडे. मेन लाइनच्या चारही रुळांवरून उडी मारल्याशिवाय ते होत नाही आणि ती उडी सँडहर्स्ट रोडला आहे. खालच्या गाडीचा छपरावरचा पेंटोग्राफ आणि त्याला वीज देणाऱ्या तारा पुलाखालून जायला हव्यात. म्हणजे खालच्या रुळांपासून पुलाच्या पोटापर्यंत साधारण साडेपाच-सहा मीटर आणि त्यावर गर्डरची जाडी. वरचे रूळ सात-आठ मीटरवर धरा. मग मस्जिदच्या फलाटाच्या टोकापासून वरच्या फलाटाच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर नकाशावर मोजा आणि भागाकार करा. ४०० मीटर मिळाले आणि उंची ८ मीटर असेल तर चढ १ मध्ये ५०. चढाच्या दोन्ही टोकांना उतार एकदम बदलू नका, चार-पाच तुकड्यांत हळूहळू आणा. तुम्हाला जे खोटं वाटतंय ते बहुतेक तिथे आहे. आणि वर गेल्यावर लगेच खाली उतरू नका! डॉकयार्ड रोडही रस्त्यापासून उंचावर आहे. रे रोडला मात्र उलटं, रूळ खाली आणि रस्ता पुलावरून. म्हणजे उतार डॉकयार्ड रोड आणि रे रोडच्या मधे.

सगळ्यात मोठी मोजपट्टी तुमच्या डोळ्यांसमोर उभी आहे: तारांचे खांब. प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधला क्रमांक लिहिलेला असतो. इंटरनेटवर केबिनमधून घेतलेले हार्बरचे व्हिडिओ आहेत. ते थांबवत थांबवत बघा आणि खांबांची यादी करा. मग सिग्नल कुठे, पूल कुठे, फलाट कुठे सुरू होतो, हे सगळं दोन खांबांच्या मधे बसवता येतं. हे व्हिडिओ २०१६ नंतरचे असतील तर काही खांब बदललेले असणार, पण स्टेशनं आणि पूल जागच्या जागीच आहेत. मी आधी रूळ, मग खांब, मग सिग्नल, मग फलाट असंच करतो. इमारतींना त्यानंतरच हात लावतो.

घरांचं: एकेक घर ठेवू नका. पन्नास-साठ मीटर लांबीची एक अख्खी रांग एकाच मॉडेलमध्ये करा आणि तिची सगळी चित्रं एका टेक्स्चरवर, म्हणजे एकाच चित्र-फाइलीत, बसवा. अशा सात-आठ रांगा उलटसुलट फिरवून वापरल्या तर गोवंडी ते मानखुर्द पुरेल. मोटरमनच्या डोळ्याला जे दिसत नाही ते बांधूच नका. रुळाला लागून भिंत असेल तर भिंतीमागे काही नको. गोदामांवर मात्र जीव ओतून काम करा, तीच तुमच्या रूटची ओळख ठरेल.

रुळांबद्दल. एडिटरबरोबर येणारे तयार रूळ स्टँडर्ड गेजचे, १,४३५ मिलिमीटरचे आहेत. आपलं ब्रॉडगेज १,६७६. गाडी दोन्हींवर चालते, कारण प्रोग्रामला फक्त मधली रेषा कळते, पण मुंबईच्या डोळ्याला ते लगेच खटकतं. ब्रॉडगेजचा संच मिळवा. सांधे, म्हणजे जिथे एका रुळातून दुसरा फुटतो त्या जागा, १० अंशांचे वापरू नका. आपल्याकडे १ मध्ये १२ आणि यार्डात १ मध्ये साडेआठ असतात, म्हणजे पावणेपाच आणि पावणेसात अंश. आणि फलाटाची कड रुळांच्या मध्यापासून १.६८ मीटरच्या आत ठेवा. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद आहे, म्हणजे मध्यापासून १.८३. डब्याची भिंत फलाटावर थोडी आलेली दिसेल. ते बरोबर आहे, दुरुस्त करायला जाऊ नका!

डाउनहार्बर

ताई, मी मध्य रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त झालो. कॉम्प्युटरवरची गाडी मुलाने दाखवली तेव्हापासून मलाही नाद लागला आहे. सांधेवाल्यांनी रुळांचं सगळं सांगितलंय. मी फक्त गाडी कशी चालते ते सांगतो, कारण रूट कितीही सुंदर झाला तरी गाडी हार्बरसारखी धावली नाही तर मजा नाही.

२००५ ची डीसी गाडी घेणार असाल तर तिचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज देणारं हँडल, चारच जागांचा ठेवा: शंटिंग, सिरीज, पॅरलल, वीक फील्ड. हँडल दाबून धरावं लागतं, हात सुटला की ब्रेक लागतो. स्टेशन सोडलं की गाडीला वेग देऊन मोटर बंद करायची आणि पुढच्या स्टेशनापर्यंत तिला तशीच पळू द्यायची. हार्बरवर स्टेशनं इतकी जवळजवळ आहेत की सतत पॉवर देणारा माणूस वीजही जाळतो आणि ब्रेकही. तुमच्या गाडीच्या फाइलमध्ये घर्षण जास्त ठेवलं तर ही पळती गाडी लगेच मरते. पॉवर बंद केल्यावर सपाटीवर वेग हळूहळू उतरला पाहिजे, धाडकन नाही. ते जमेपर्यंत आकडे बदलत राहा.

मस्जिद सोडल्यावरचा चढ मात्र वेगळा. तिथे पॉवर धरून ठेवावी लागते आणि पावसात रूळ ओले असले की चाकं घसरण्याची भीती. गाडी भरलेली असेल तर आवाजच बदलतो. मोटर डब्यात बसून त्या चढावर जाणारी गाडी ऐकलेला माणूस तो आवाज विसरत नाही. तुम्ही आवाज बसवणार असाल तर तीन वेगळे घ्या: रिकामी सपाटीवर, भरलेली चढावर आणि उभ्या गाडीचा कॉम्प्रेसर. शेवटचा लोक विसरतात. गाडी फलाटावर उभी असताना खालून येणारी ती धडधड नसेल तर डीसी लोकल अर्धीच झाली. आणि सुटायच्या आधी गार्डच्या दोन घंट्या. मोटरमन दोन घंट्यांनी उत्तर देतो, मगच गाडी हलते.

सिग्नल चार रंगी दाखवा: लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा. उपनगरी लाइनवर बहुतेक सिग्नल ऑटोमॅटिक, खांबावर 'ए' लिहिलेली गोल पाटी. असा सिग्नल लाल असला तर दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबून पुढे सावकाश जायचं असतं. स्टेशनातल्या किंवा जंक्शनच्या सिग्नलला 'ए' नसतो, तिथे लाल म्हणजे लाल. हा फरक तुमच्या सिग्नलच्या फाइलमध्ये नसेल तर पहिल्याच लाल दिव्याला खेळ अडून बसेल. मी काही रूटमध्ये हे पाहिलंय आणि मन खट्टू झालंय.

फलाटावर डब्यांच्या संख्येची पाटी टांगलेली असते, मोटरमन तिच्याशी आपली केबिन आणून थांबवतो. ती तुमच्या सालाप्रमाणे नऊ डब्यांची करा आणि योग्य जागी लावा. खेळणाऱ्याला थांबायची खूण मिळते. मला तरी सिम्युलेटरमधला सगळ्यात मोठा आनंद त्याच पाटीशी बरोबर थांबण्यात मिळतो.

कॉटनग्रीनची

सांधेवाला, डाउनहार्बर काका, दोघांचे मनापासून आभार. काका, तुम्ही 'मन खट्टू झालं' लिहिलंत ते वाचून सिग्नलचं काम मी आता सगळ्यात आधी घेणार आहे. ऑटोमॅटिक सिग्नलला 'थांबून पुढे जा' आणि बाकीच्यांना 'थांबा', अशा दोन वेगळ्या स्क्रिप्ट करते.

साल २००५ पक्कं केलं. जमीन पुसून सपाट केली आणि रडारने चाळींची छपरं मोजली आहेत हे कळल्यावर सगळा उलगडा झाला. चढाचा भागाकार करून रूळ परत टाकले. आता वरच्या फलाटावरून खालच्या मेन लाइनकडे बघितलं की खरंच सँडहर्स्ट रोडला उभं असल्यासारखं वाटतं.

पावसाळ्याचं एक सुचलं आहे, बरोबर आहे का सांगा. एडिटरमध्ये ऋतूंसाठी टेक्स्चरचे वेगवेगळे फोल्डर असतात: वसंत, शरद, हिवाळा. मुंबईला हिवाळ्याचा बर्फ नको. मी शरदाच्या फोल्डरमध्ये पावसाळ्याची चित्रं भरते आहे: हिरवीगार खडीकाठची गवतं, काळे पडलेले पत्रे, भिंतींवरचं शेवाळ. म्हणजे खेळणाऱ्याने शरद निवडला की जुलै मिळेल. मूळ फोल्डर उन्हाळ्याचा, त्यात मे महिना, पिवळं गवत आणि धूळ.

पहिला टप्पा वडाळा रोडपर्यंतच करून सगळ्यांना वापरायला देईन म्हणते. पण वडाळ्याच्या पुढे रावळी जंक्शनला माहीमकडे जाणारी लाइन फुटते. ती आत्ता बांधायची नाही. मग सांधा टाकू की नको?

सांधेवाला

ऋतूंची कल्पना फार छान आहे. माझ्या कल्याणच्या रूटलाही हेच करेन. फक्त रूटबरोबरच्या माहितीत स्पष्ट लिहा, नाहीतर लोक पावसाळा शोधत बसतील. आणि झाडांची चित्रंही दोन्ही फोल्डरमध्ये ठेवा. गवत हिरवं आणि झाडं मे महिन्याची, असं झालं तर डोळ्याला बोचतं.

रावळीचा सांधा आत्ताच टाका, अगदी पक्क्या जागी. माहीमकडची बाजू दोन-तीनशे मीटर नेऊन तिथे बफर लावून बंद करा आणि जंक्शनचा सिग्नलही उभा करा. पुढे किंग्ज सर्कलची लाइन जोडायची वेळ आली तर फक्त बफर काढायचा. आता सांधा टाळून नंतर घुसवायला गेलात तर सरळ रूळ तोडावे लागतात आणि तिथून पुढचे सिग्नल, फलाटांच्या खुणा, अॅक्टिव्हिटीचे मार्ग सगळं पुन्हा जोडत बसावं लागतं. वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्टच्या साइडिंगलाही हेच. एखादा सांधा आणि थोडे रूळ एवढं पुरे.

एक काम आजच करा. रुळांची सगळी माहिती टीडीबी फाइलमध्ये असते. तिची प्रत प्रत्येक वेळी एडिटर उघडायच्या आधी तारीख टाकून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि वर्ल्ड फोल्डरचीही प्रत त्याच वेळी घ्या, कारण दोन्ही एकमेकांशी जुळलेल्या असाव्या लागतात. एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावली तर रूळ दिसतात पण गाडी त्यांवर उभी राहत नाही. वडाळ्यापर्यंतचं झालं की इथेच दुवा टाका, खांबांचे क्रमांक मी तपासून देतो.

डाउनहार्बर

आणि गाडी कशी चालते ते मी तपासतो. शिवडी ते वडाळा मोटर बंद ठेवून किती वेग उरतो, तेवढं आधी बघून सांगा.